एकाच आगबोटीतले चाकरमानी

‘अलबेला’ पाहिलेल्या मराठी माणसाला मास्टर भगवान आठवतात, गीता बाली आठवते, चितळकर आणि लता यांचे आवाज तर पाठच असतात. त्याच सिनेमात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून बँड वाजवणारी मंडळी पडद्यावर दिसतात. त्यांच्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. त्यांचा म्होरक्या ट्रम्पेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. भगवान यांचं आडनाव पालव. जन्म अमरावतीचा, वडील गिरणीकामगार. पण पालव म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न एवढाच असतो : कुडाळचे, कणकवलीचे की मालवणचे? १९५१ साली एका पालवाने नाचायचं, एका वाझाने वाजवायचं आणि नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या संगीतकार रामचंद्र नरहर चितळकरांनी ते सगळं जमवून आणायचं, हे त्या काळी मुंबईतच होऊ शकत होतं.

हे पुस्तक वाजवणाऱ्यांचं आहे. स्विंगच्या जमान्यात गोव्याहून मुंबईला आलेले, हॉटेलांच्या नाचघरांत उमेदीची वर्षं घालवलेले आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात विरघळून गेलेले हे लोक. मालवण किनाऱ्यावरच्या माणसाने त्यांच्यावर प्रस्तावना का लिहावी, असं कुणी विचारील. उत्तर समुद्रात आहे. मुंबईहून सुटलेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजी गाठायची. परतीच्या खेपेला पणजीला चढलेला गोंयकार पोरगा आणि वेंगुर्ल्याला पडावातून येऊन शिडी चढलेला आमचा पोरगा एकाच डेकवर पथारी टाकायचे. एकाच्या वळकटीशेजारी तांदळाचं गाठोडं, दुसऱ्याच्या उशाशी व्हायोलिनची पेटी. धक्क्यावर उतरले की आमचा लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत जायचा, त्यांचा धोबीतलावाला नाहीतर डाबूलला आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात. दोन्हीकडे माणशी एक ट्रंक, एक वळकटी आणि आधी आलेल्यांचा वचक. कुडात संध्याकाळी रोझरी चुकवता यायची नाही, आमच्या खोल्यांत भजन.

गिरणीत साचा चालवणारा आमचा माणूस चाकरमानी, हे सगळ्यांना कळतं. ताजमध्ये काळा कोट घालून सॅक्सोफोन वाजवणारा गोंयकारही चाकरमानीच होता, हे अजून कुणाच्या लिहिण्यात नीट उतरलेलं नाही. जॅझवर लिहिणारे बहुधा प्रतिभेच्या मागे लागतात : अमुक तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग, तमुक तर इथला बेनी गुडमन. चिकला आर्मस्ट्राँगची पदवी मिळालीच होती, आणि तो ती हौसेने मिरवायचाही. पण एका चिकमागे खुर्चीवर बसून समोरच्या कागदावरचं बिनचूक वाजवणारे कितीतरी होते. त्यांचं आयुष्य समजून घ्यायला पगार, करार, मोसम आणि मालकाची मर्जी यांच्या वाटेने जावं लागतं. या पुस्तकाच्या लेखकाने तीच वाट धरली, म्हणून मी प्रस्तावनेला होकार दिला.

नव्या वाचकासाठी आधी स्विंगविषयी थोडं. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्ये पाचसात वादक एकमेकांच्या अंगावर चढून वाजवत. १९२० नंतर न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनसारख्यांनी हा गलबला कागदावर आणला. ट्रम्पेटवाले एका रांगेत, ट्रॉम्बोनवाले दुसऱ्या, सॅक्सोफोनवाले तिसऱ्या, आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम. एका रांगेने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. मधल्या मोकळ्या जागेत एकाने उठून स्वतःच्या मनाचं वाजवायचं. आमच्या दशावताराचं आख्यान ठरलेलं असतं, पण रंगमंचावर उभा राहिल्यावर राजा काय बोलेल हे त्याचं त्यालाच ठाऊक, तसंच हे. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर तरुण पोरं तुटून पडली आणि स्विंगचा जमाना सुरू झाला, असं मानायची पद्धत आहे. पद्धतच ती. ड्यूक एलिंग्टन त्याआधीपासून हेच करत होता आणि कॅन्सस सिटीत काउंट बेसीही. पण बाजार गोऱ्या बँडने उघडला, म्हणून तारीख त्याची लागली.

या रांगांतली ट्रॉम्बोनची रांग मला सगळ्यांत जास्त खुणावते. ट्रम्पेटला तीन कळा असतात, सॅक्सोफोनला तर कळांचं जाळंच. ट्रॉम्बोनला काहीच नाही, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. नळी पुढे सरकवली की स्वर उतरतो, मागे घेतली की चढतो. एकूण सात जागा, प्रत्येक जागेला अर्ध्या स्वराचा फरक, आणि एकाही जागेवर खूण नाही. हाताला आणि कानाला जे माहीत तेवढंच खरं. नळीला पोचा पडला की सरकणं अडतं, वंगण कमी झालं तरी अडतं. मुंबईच्या पावसाळी हवेत पितळ हिरवं पडायला वेळ लागत नाही, आणि दोन गाण्यांच्या मध्ये खालची कळ दाबून आत साठलेली वाफ-थुंकी ओतून टाकावीच लागते. नाचघरात समोर रेशमी झगे फिरत असताना हे काम गुपचूप उरकण्याचीही एक हातोटी होती.

सगळ्या फुंकवाद्यांत मींड घ्यायला याच्याइतकं सोयीचं दुसरं वाद्य नाही. आणि तरी आपल्या सिनेसंगीताने मींडेसाठी व्हायोलिन आणि सारंगी पसंत केली; ट्रॉम्बोन ठेवला तो कॅबरेसाठी, खलनायकाच्या पावलांसाठी आणि घसरून पडणाऱ्या विनोदी नटासाठी. मला हा करंटेपणा वाटतो.

अमेरिकेत या वाद्याचं नशीब वेगळं निघालं. स्विंगच्या काळात सर्वाधिक खपणाऱ्या बँडनायकांपैकी दोघे ट्रॉम्बोनवाले होते, टॉमी डॉर्सी आणि ग्लेन मिलर. पण वाद्याला गातं केलं ते जॅक टीगार्डनने. जन्म १९०५, टेक्सासमधलं व्हर्नन गाव. लहानपणीच ट्रॉम्बोन हाती घेतला तेव्हा हात लांबच्या जागांपर्यंत पोचत नव्हते, म्हणून त्याने जवळच्या जागांवरच ओठांनी स्वर काढायची युक्ती बसवली. मोठा झाल्यावरही तीच त्याची शैली ठरली. स्विंगचा बाजार तेजीत होता तेव्हा हा गडी पॉल व्हाइटमनच्या करारात पाच वर्षं अडकलेला. सुटून १९३९ मध्ये स्वतःचा बँड काढला, तो कर्जात बुडत बुडत १९४६ पर्यंत चालवला आणि मग लुई आर्मस्ट्राँगच्या ऑल स्टार्समध्ये नोकरी धरली. १९५८-५९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं, त्यात भारतही होता. १९६४ च्या जानेवारीत तो न्यू ऑर्लिन्समध्ये वारला. इतक्या मोठ्या वादकाच्या वाट्याला हिशेबाने पाहता नोकऱ्या, करार आणि कर्ज एवढंच आलं. धोबीतलावाच्या एखाद्या म्हाताऱ्या वादकाला ही गोष्ट सांगितली असती तर त्याला तिचं नवल वाटलं नसतं.

आता गोवा. तिथल्या पोरांना हे जमलं कसं, याचं उत्तर चर्चच्या शाळांत आहे. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मेस्त, म्हणजे मास्तर, मुलांना सोल्फेज शिकवायचा, म्हणजे पाच रेघांवरचे स्वर बघून तोंडाने म्हणणं, मग व्हायोलिन. उद्देश प्रार्थनेत गाणारे-वाजवणारे तयार करण्याचा. पण त्यातून एक अख्खा समाज नोटेशन वाचणारा निघाला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात अशा माणसांचा तुटवडाच होता. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या थिएटरांतले वाद्यवृंद, पी अँड ओच्या बोटी, मसुरी-सिमल्याची हॉटेलं, सगळीकडे गोंयकार. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि थिएटरांतल्या खुर्च्या गेल्या. तोवर हॉटेलांत नाचाची लाट आलेली होती.

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड ताजमध्ये उतरला. पुढच्या वर्षी क्रिकेट स्मिथने बँडची सूत्रं घेतली, आणि शांघायहून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्डही याच मंडळींत होता. इथल्या वादकांनी तोवर हे संगीत तबकड्यांवरून आणि छापील कागदांवरून उचललेलं होतं. कागदावर चार टिंबं सारखी दिसतात, वाजवताना ती सारखी वाजत नाहीत, एक रेंगाळतं आणि दुसरं झटका देतं. हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. कुडचड्याचा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या बँडमध्ये वाजवून हे शिकला. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. ताजमध्ये १९३९ पासून जवळपास दोन दशकं मिकी कोरियाचा बँड होता. पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन, म्हणजे कावस खटाव, त्याच फळीतला. ज्या क्लबांत हिंदी माणसाला पाहुणा म्हणून दार बंद होतं तिथेही वादक म्हणून हे लोक रोज जात, अर्थात मागच्या दाराने.

महायुद्धात मुंबई गोऱ्या सैनिकांनी भरली आणि बँडवाल्यांची चंगळ झाली. मग चारपाच वर्षांत सगळं फिरलं. सैनिक गेले, १९४७ मध्ये साहेब गेले, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलेल्या रात्री कोरड्या पडल्या. इथे एक गंमत, आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. अमेरिकेतही १९४४ मध्ये नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसला, मालकांनी मोठे बँड परवडेनासे म्हणून काढून टाकले आणि १९४६ च्या डिसेंबरात एकापाठोपाठ एक नामांकित बँड मोडले. लोकांची आवड बदलली म्हणून स्विंग गेलं, असं आपण वाचत आलो. आवड बदललीच, पण दोन्ही देशांत आधी सरकारी कागद आला. दारूबंदी आणणाऱ्या मोरारजीभाईंनी हिंदी सिनेसंगीतावर केवढे उपकार केले, याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नाही.

कारण हे सगळे वादक मग ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत आले. तिथलं काम कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणायचा. शेजारी बसलेला अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून घ्यायचा, कुठे व्हायोलिन भरायचं, कुठे ट्रम्पेटने तोंड घालायचं ते रात्री घरी बसून लिहायचा. कॉपीवाला प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करायचा. सकाळी वादक स्टुडिओत शिरले की स्टँडवर कागद तयार. एकदा नजर टाकायची, दोनचार तालमी करायच्या आणि टेक. गायक, कोरस, पन्नास-साठ वादक एकाच वेळी एकाच पट्टीवर. एकाचा स्वर चुकला की सगळं पहिल्यापासून. ट्रॉम्बोन आवाजाने दांडगा म्हणून त्याची खुर्ची मायक्रोफोनपासून सगळ्यांत लांब, भिंतीला. साठ मापं गप्प मोजत बसायचं, मग चार मापांसाठी फुंकायचं आणि परत मोजत बसायचं. ही चाकरी ज्याला क्षुल्लक वाटते त्याने साठ मापं न चुकता मोजून दाखवावीत.

अरेंजरांचं नाव घ्यायचं तर पहिलं सेबॅस्टियन डिसोझांचं. रेइश मागुशचे, फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता. मुंबईत येऊन शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचा भरणा त्यांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू. १९५८ मध्ये सेंट झेवियर्सच्या प्रांगणात त्यांनी आपल्या रागांवर बांधलेली सिंफनी पेश केली. देशाला त्यांचं नाव कळलं ते पडद्यावर अमिताभ बच्चन हेच नाव गात अंड्यातून बाहेर आला तेव्हा, आणि हे कुणा खऱ्या माणसाचं नाव आहे हे त्यानंतरही कळलं नाही. ‘इना मिना डिका’मधला ‘माका नाका’ जॉन गोम्स या गोंयकार वादकाने पुरवला. मालवणी माणसाला तो पहिल्याच ऐकण्यात कळतो, बाकीच्या देशाला ते बडबडगीत वाटत राहिलं. आमच्याच कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे वसंत देसाई याच वादकांकडून काम करून घेत होते.

या सगळ्या प्रवाहाचे फाटे कसे पडले तेही सांगायला हवं. एक फाटा सिनेमात गेला आणि तिथेच मुरला. ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून उचललेलं, यावर नाकं मुरडणाऱ्यांनी त्यातल्या ट्रम्पेटचा तोल ऐकावा आणि मग बोलावं. दुसरा फाटा हॉटेलांतच चिवटपणे टिकला, बीबॉपकडे वळला आणि ब्राझ गोन्साल्विससारख्या सॅक्सोफोनवादकाने त्यात राग आणले. निरंजन झवेरी यांच्या धडपडीतून १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली ती या फाट्याची जत्रा. तिसरा फाटा परत कोंकणीत आला : मडगावचा ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची गाणी म्हणजे स्विंगच्या रांगा, फक्त बोल आपल्या बाजूचे. फ्रँक फर्नांडला १९४६ मध्ये मसुरीत गांधीजी भेटले आणि आपलं जॅझ हिंदी व्हायला हवं हे त्याने मनावर घेतलं. पुढे त्याने काढले ते मात्र कोंकणी सिनेमे, ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). माझ्या मते या तिसऱ्या फाट्याचं मोल सर्वांत कमी लेखलं गेलं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या ख्रिश्चन लग्नांत आजही पहिला नाच या गाण्यांवर होतो. तेव्हा कुणाच्या मनात जॅझचा विचारही नसतो.

इंग्रजीत या विषयावर मोलाचं काम झालं आहे. ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ २००८ मध्ये आलं आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये. मराठीत चितळकरांचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ आहे, पण ते संगीतकाराच्या खुर्चीवरून लिहिलेलं. आपल्याकडे सिनेसंगीतावर लिहिणारे भरपूर. चाल कुणाची, बोल कुणाचे, गळा कुणाचा यावर रात्रभर वाद घालतील. मधल्या संगीतात ट्रॉम्बोन कुणी वाजवला असं विचारलं की सभा उठते. मोन्सोरात घराण्यातल्या ब्लास्को यांचा ट्रॉम्बोन कितीतरी हिंदी गाण्यांत आहे, पण तबकडीच्या वेष्टनावर अशी नावं छापायची पद्धतच नव्हती.

हे आताच का लिहायचं, तर सांगणारी पिढी संपली. फ्रँक फर्नांड २००७ मध्ये गेले, मिकी कोरिया २०११ मध्ये, अँथनी गोन्साल्विस त्यापुढच्या वर्षी. स्टुडिओंतले हस्तलिखित कागद रद्दीत गेले. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि भिंतीजवळची ती खुर्ची पहिल्यांदा उचलली गेली. आज तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलात शनिवारी रात्री एक मुलगा कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसतो, अख्खा बँड त्या लॅपटॉपमध्ये असतो. त्याचा मोबदला कसा ठरतो, मोसम संपल्यावर तो काय करतो, त्याने वाजवलेलं चित्रित झालं तर त्याचं नाव लागतं का, हे प्रश्न चिकच्या वेळचेच आहेत. पर्यटन जिल्हा म्हणवून घेताना आम्ही ते विचारलेले नाहीत.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे जॅझचं व्याकरण नाही आणि गाण्यांची यादीही नाही. लेखकाने एकेका वादकाची कारकीर्द घेतली आहे ती नोकऱ्यांच्या क्रमाने : कोणतं हॉटेल, किती महिने, कुणाच्या हाताखाली, का सुटली. त्यामुळे काही ठिकाणी वाचन रखडतं, हे मी लेखकाला बोललो आहे. बायकांबद्दलही आणखी हवं होतं. नवरा रात्रभर नाचघरात किंवा चार महिने मसुरीत असताना गावात शेत आणि म्हातारे कुणी सांभाळले, हे आमच्या गिरणीकामगारांच्या घरांत जितकं कमी लिहिलं गेलं तितकंच इथेही. १९५५ नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, गोव्यात शिरणारी बांद्याची वाट बंद पडली. तेव्हा मुंबईतल्या गोंयकाराला गाव कायमचं दुरावलं की काय असं वाटायची वेळ आली. त्यावरचं प्रकरण मला सर्वांत भरीव वाटलं, ते आधी वाचलं तरी चालेल.

गाणी ऐकत वाचणार असाल तर एक करा. ‘शोला जो भडके’ लावा आणि पहिल्यांदा गायकांकडे कान देऊ नका. मागे कोण कुणाला उत्तर देतंय तेवढं धरा. ट्रम्पेट कुठे थांबतो, सॅक्सोफोन कुठे घुसतो, बोंगो कधी सुटतो. दोनदा ऐकलं की रांगा वेगळ्या होऊ लागतात. आणि वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी, बांदा या बाजूला कुणाच्या माळ्यावर पाच रेघांचे जुने कागद, बँडचे फोटो किंवा हॉटेलांची करारपत्रं पडली असतील, तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा. कसर आणि ओल दोन्ही आमच्याकडे मुबलक आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखकाला ती हवी आहेत.